देवाचा भोपळा आणि शिळ्या पावाचं पुडिंग

देवाला वाहायचा भोपळा मी खाल्ला, ही नागापुरातली बातमी साफ खोटी आहे. मी तो फक्त कापला. खाल्ला सगळ्यांनी मिळून, आणि त्यातही सगळ्यांत जास्त घारगे ज्यांनी खाल्ले, त्यांचाच तो भोपळा होता!

त्या म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. लढाई चालू होती ते दिवस. नागापुरात तेव्हा कारखान्यांचा पत्ता नव्हता. बाजरी, जोंधळा, सीना नदी आणि तिच्या अलीकडे आमची मूठभर ख्रिस्ती घरं. मी नगरच्या बोर्डिंगात शिकलेली, मास्तरणीची परीक्षा पास झालेली, नुकतीच या घरात सून म्हणून आलेली. आत्याबाईंना स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण माझ्या शिक्षणाचा अभिमान केवढा! वाटेनं जाणाऱ्या माणसाला थांबवून सांगायच्या, "आमची सून छापल्यावानी लिवती." (खरंच लिहायचे. अजूनही लिहिते. खोटं वाटत असेल तर घरी या, दाखवते.)

आता भोपळ्याचं. दर साली बाजरी निघाली की आमच्या मंडळीत पहिल्या पिकाचा सण असायचा. रविवारी सकाळी ज्याच्या रानात जे पिकलं असेल ते घेऊन सगळे विहिरीपाशी जमायचे, ढोलकी-झांजा वाजवत देवळापर्यंत मिरवत जायचे आणि उपासनेनंतर अंगणात त्या सगळ्याचा लिलाव व्हायचा. या मिरवणुकीत सर्वांत पुढं कोण चालणार? तर ज्या घरचा भोपळा सर्वांत मोठा, त्या घरची बाई. असं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही, पण नागापुरात ते दहा आज्ञांच्या खालोखाल पाळलं जायचं. मी यायच्या आधी कित्येक वर्षं ती पुढची जागा आत्याबाईंनी सोडली नव्हती. त्यांच्या मागची जागा शेजारच्या रूथबाईंची. रूथबाई त्या जागेवर किती सुखी होत्या, ते त्यांच्या तोंडावर दिसायचंच.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आमचे हे घरी यायचे होते. हे नगरला लष्कराच्या बाजूच्या एका बेकरीत भट्टीवर कामाला. आठवडाभर तिकडंच राहायचे आणि शनिवारी सायकल मारत यायचे. यांना घारगे फार आवडतात, ही माहिती मला लग्न ठरतानाच देण्यात आली होती. आत्याबाई रानात गेलेल्या, मामंजी गुरांमागं. मी अंगणात येऊन वर पाहते, तो गोठ्याच्या छपरावर वेलाला लगडलेला हा एवढा थोरला भोपळा! पिवळाधमक! देठाला लाल चिंधी बांधलेली! मी म्हटलं, वा, काय हौस आहे आत्याबाईंना. शिडी लावली, पदर खोचला आणि भोपळा खाली आणला. एवढा भोपळा चार माणसांना काय करायचा? अर्धा घारग्यांना घेतला आणि उरलेल्याच्या फोडी करून वाडीभर वाटल्या. सगळ्यांत मोठी फोड रूथबाईंना दिली, शेजारधर्म म्हणून. त्या बराच वेळ फोडीकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "देव तुला लई सुखात ठेवो गं बाई!" इतक्या मनापासून मला माझ्या आईनंही कधी आशीर्वाद दिला नव्हता.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. आत्याबाई एकामागून एक घारगे उचलत होत्या आणि माझी कॉलर ताठ होत होती. (नऊवारीला कॉलर नसते, पण समजून घ्या.)

"लई ग्वाड झाल्यात," त्या म्हणाल्या. "भोपळा कुटला गं?"

"आपलाच की. छपरावरचा."

आत्याबाईंचा हात ताटात थांबला. यांनी तोंडातला घास तोंडातच ठेवला. मामंजींनी वर आढ्याकडे पाहायला सुरुवात केली.

"चिंधी बांधलेला?"

"हो, तोच."

"अगं, चिंधी बांधली म्हंजी त्यो देवाचा! नागापुरातलं शेंबडं पोर बी सांगंल! तुला चिंधी दिसली न्हाई व्हय?"

"दिसली की. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधली."

"आपन ख्रिस्ती मान्सं! आपल्याला कुटली दिष्ट?"

"रूथबाईची," मामंजी हळूच म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा! उरलाय का त्यो? अर्दा तरी?"

"वाटला," मी म्हटलं. माझा आवाज आता विहिरीच्या तळातून येत होता.

"कोनाकोनाला?"

मी नावं सांगत गेले. रूथबाईंचं नाव आलं तशा आत्याबाई उठल्या (ताटातला घारगा संपवून, अन्न टाकायचं नाही हा त्यांचा नियम), हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"उद्या रूथी पुडं चालनार," त्या भिंतीला म्हणाल्या. "आन मी बाजरीची कणसं घिऊन मागं. बाजरी काय, समदेच आनत्यात." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या रागावल्या असत्या, मला चार शब्द बोलल्या असत्या, तर परवडलं असतं. पण पावसाळाभर त्या वेलाला शेण घालणारी, रोज वर चढून त्या भोपळ्याची कूस बदलणारी बाई अशी मुकाट्यानं रडताना पाहिली आणि माझाही बांध फुटला. मी हमसून हमसून रडायला लागले. दोन बायका रडताहेत म्हटल्यावर आमच्या यांनी शहाण्या पुरुषासारखं केलं: उठून बाहेर गेले आणि सायकलीला बांधलेलं पोतं सोडून आणलं.

पोत्यात पाव होते. पोतंभर! नगरची एक पलटण एकाएकी हलली होती आणि तिच्यासाठी भाजलेले पाव बेकरीत तसेच पडून होते. मालकानं ते कामगारांना वाटून टाकले. पाव इतके वाळले होते, की मामंजींनी त्यातला एक उचलून उंबऱ्यावर आपटला आणि म्हणाले, "उंबरा जपा."

आणि मला एकदम सुचलं. "पुडिंग!" मी ओरडले.

"काय?"

"शिळ्या पावाचं पुडिंग! दूध, अंडी, फळं घालून भाजायचं. बोर्डिंगात नाताळाला मडमबाई करायच्या!"

"तुला येतं?" यांनी विचारलं.

"येतं म्हणजे? या डोळ्यांनी पाहिलंय!" (ते खिडकीच्या गजांतून, बाहेरून, तेही दुसऱ्या मुलीच्या खांद्यावर उभं राहून, ती दमून खाली बसेपर्यंत. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.)

आत्याबाई भिंतीकडून वळल्या. "रूथीला येतं का त्ये?"

"नाही."

"तिच्या आईला?"

"मुळीच नाही."

"मंग कर," आत्याबाई म्हणाल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

रविवारी उजाडताच आम्ही कामाला लागलो. साखर रेशनवर, तेव्हा गूळ घ्यायचा ठरलं. मी मोठ्या ऐटीत उकळत्या दुधात गूळ टाकला आणि दूध फाटलं! चांगलं टराटरा फाटलं. आत्याबाईंनी वाकून पाहिलं.

"नासलं गं."

"असंच असतं," मी म्हटलं.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. शिकलेल्या सुनेवर केवढा तो विश्वास!

मग पाव कुस्करले, त्या दुधात भिजवले, अंडी फेटून घातली, जायफळ किसलं. फळांत केळी होती, पेरू होते आणि टोपलीभर सीताफळं होती. सीताफळाच्या बिया काढायला मामंजींना बसवलं. ते दर बीमागं एक सुस्कारा टाकत होते आणि दर दहा बियांमागं थोडं सीताफळ तोंडात. हे सगळं आत्याबाईंनी त्यांच्या माहेरच्या पितळी पातेल्यात ओतायला दिलं. ते पातेलं एरवी फळीवरून खाली उतरत नसे.

आता भट्टी! यांनी रॉकेलचा रिकामा पत्र्याचा डबा आणला (लढाईत रॉकेल मिळत नसे, डबे मात्र उदंड), तो आधी जाळून घेतला. घमेल्यात निखारे, निखाऱ्यांवर डबा, डब्यात वाळू, वाळूवर पातेलं, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर पुन्हा निखारे.

"धीम्या आचेवर व्हायला पाहिजे," हे म्हणाले. "घाई करायची नाही."

"मडमबाईंचं पटकन व्हायचं."

"मडमबाईंकडं शेगडी विलायती होती."

"आणि माझ्याकडं नवरा बेकरीतला आहे! काय उपयोग?"

आमचं हे चाललेलं असताना देवळाची घंटा वाजली. झाकण उचलून पाहिलं, तर पुडिंग कडेनं धरलेलं, पण मध्ये तळ्यासारखं डुचमळतंय. घंटा दुसऱ्यांदा वाजली. विहिरीकडून ढोलकी ऐकू आली. मी डोक्याला हात लावला.

"उचला!" आत्याबाई म्हणाल्या.

"काय उचला? अजून झालं नाही!"

"मंग वाटंनं हुईल! चुलीसकट उचला!"

आत्याबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. यांनी बैलांच्या साखळ्यांनी घमेलं एका वाशाला टांगलं. वाशाचं पुढचं टोक यांच्या खांद्यावर, मागचं मामंजींच्या. मी बाजूनं, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात जादा निखाऱ्यांचं मडकं. आणि आत्याबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून सूप घेऊन वारा घालतायत! वारा घातला की धूर निघे, धूर निघाला की मामंजी खोकत, मामंजी खोकले की वासा हिंदकळे आणि वासा हिंदकळला की मी ओरडे, "मध्यभाग सांभाळा!"

विहिरीपाशी मिरवणूक निघालीच होती. सर्वांत पुढं रूथबाई, डोक्यावर भोपळा, तोंडावर हसू. आमचा हा संसार मागून आला. खांद्यावर तापलेलं घमेलं घेऊन माणसाला मुंगीच्या चालीनं चालता येतं का? हे निघाले तरातरा, आणि मामंजींना मागं फरफटत यावं लागलं.

"सरका, सरका! इस्तू हाय, इस्तू!" आत्याबाईंनी हाळी दिली.

इस्तू, म्हणजे विस्तव, म्हटल्यावर कोण थांबतंय! बाजरीवाले बाजूला झाले, शेंगावाले बाजूला झाले, कोंबडीवाल्याची कोंबडी निसटली. शेवटी रूथबाई वळून पाहतात तो धुराचा लोट अंगावर! भोपळा सावरत त्यासुद्धा कडेला झाल्या. आणि पाहता पाहता आम्ही सगळ्यांच्या पुढं! पुढं रस्ता मोकळा, मागं ढोलकी आणि मध्ये सूप हलवत आत्याबाई. मान अशी ताठ, की पुढं डोईवर भोपळा असतानाही मी ती तशी कधी पाहिली नाही. मला एकदम भरून आलं. (थोडं धुरानंही आलं असेल.)

देवळात सगळ्यांनी आपापलं अर्पण मेजापुढं मांडलं. आम्हीही घमेलं तिथंच टेकवलं. एका बाजूला बाजरीच्या कणसांची रास, दुसऱ्या बाजूला रूथबाईंचा भोपळा. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांची पहिल्या पिकाची प्रार्थना म्हणजे पेरणीपासून सुरू होऊन मळणीपर्यंत जायची. मी मात्र एक डोळा किलकिला ठेवला होता, पुडिंगासाठी. आणि त्या एका डोळ्याला दिसलं, की झाकणावरचा एक निखारा घरंगळला आणि जाऊन बसला थेट कणसांत.

आता प्रार्थनेत ओरडायचं कसं? मी यांना कोपरानं ढोसलं. हे म्हणाले, "श्श!" कणसं भाजल्याचा झकास वास सुटला. पाळकसाहेब नेमके म्हणत होते, "आमच्या अर्पणाचा सुवास तुझ्यापर्यंत पोहोचो," आणि सुवास पोहोचलाच! लोक मिटल्या डोळ्यांनी नाकं वर करू लागले. मग धूर आला. मग ठसका लागला, आधी बायकांच्या बाजूला, मग पुरुषांच्या.

दाराशी अंतोनभाऊ उभे होते. ते रोमन कॅथलिक, पण लिलावाला दर साली यायचे. त्यांचे डोळे उघडेच होते. ते मोठ्यानं म्हणाले, "अवो मंडळी! आमच्या देवळात धूप जाळत्यात. तुमी तर देऊळच जाळाय लागला की!"

मग काय विचारता! सगळे उठले. मंडळीतले सगळ्यांत कडक वडीलधारे म्हणजे याकोबबाबा. त्यांनी स्वतःच अर्पण म्हणून आणलेला ताकाचा हंडा उचलला आणि कणसांवर रिता केला. फस्स! आग विझली. पाळकसाहेब पेरणीवर होते ते एकदम म्हणाले, "आमेन!" त्यांच्या उभ्या आयुष्यातली ती सर्वांत आखूड प्रार्थना. तिचं श्रेय मला कुणी दिलं नाही, पण ते माझंच आहे.

अंगणात लिलाव सुरू झाला, तेव्हा याकोबबाबा धुमसत होते. "ह्ये आसलं अर्पन कुनी केल्तं का आजपत्तोर? देवाच्या घरात चुली आनत्यात!" आत्याबाईंची मान खाली गेली. रूथबाईंचा भोपळा हां हां म्हणता गेला. मग लिलाव पुकारणारे मास्तर आमच्या डब्यापाशी आले आणि त्यांनी झाकण काढलं.

आणि काय सांगू! पुडिंग झालं होतं! वर तपकिरी, खमंग, कडेनं गुळाचा पाक बुडबुडतोय, सीताफळाचा आणि जायफळाचा नुसता घमघमाट! मास्तरांनी पातेलं उलटं केलं. पुडिंग हललं नाही. त्यांनी थोपटलं, आपटलं, यांनी सुरी फिरवली. छे! पुडिंगानं पातेल्याशी जन्माची गाठ बांधली होती.

"पातेल्यासकट जाऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या.

"अहो, पण तुमच्या माहेरचं—" मी म्हटलं.

"भोपळा दिला आसता तर देठ ठिवून घेतला आसता व्हय?"

मास्तरांनी पुकारा केला. कुणीच बोलेना! हे खायचं कशाशी, तेच कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी पुन्हा पुकारलं. रूथबाई गोड हसल्या. आत्याबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होत्या आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"एक पायली बाजरी," मागून आवाज आला. अंतोनभाऊ!

याकोबबाबांनी झर्रकन मान वळवली. आपल्या देवळातला पदार्थ, आपल्या ताकानं वाचवलेला, कॅथलिकांच्या घरी जाणार? "दोन पायल्या!" ते गरजले.

"दोन पायल्या आन कोंबडी!" अंतोनभाऊ म्हणाले.

"कोंबडी आन पिल्लं!"

"पिल्लं आन एक करडू!"

याकोबबाबांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर आपटला. "शेळी! गाभनी!"

अंतोनभाऊंनी हात जोडले. पुडिंग सुटलं गाभण शेळीला! नागापुरात आजवर कुठलाही भोपळा शेळीला गेलेला नाही. चौकशी करून पाहा.

याकोबबाबांनी तिथंच बसून बोटांनी पहिला घास घेतला. सगळं अंगण बघत होतं. त्यांनी चावलं. कट्! त्यांचा चेहरा वाकडा झाला, दोन बोटं तोंडात गेली आणि बाहेर आली एक बोराची आठळी आणि तिच्यासोबत एक दात.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. "बोरं कुणी घातली?"

"फळं घालायची म्हनलीस ना?" त्या कुजबुजल्या. "वाळकी बोरं व्हती घरात, टाकली मूठभर. बोर फळ न्हाई व्हय?"

याकोबबाबांनी दात उजेडात धरून पाहिला. "सालभर छळत हुता भाड्या," ते म्हणाले. "नगरच्या दवाखान्याचा हेलपाटा वाचला." मग पातेलं पुढं ओढून त्यांनी दुसरा घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई झ्याक! बोलवा त्या अंतोनला बी. एकल्याला सपायचं न्हाई."

त्या पातेल्याभोवती मग सगळी मंडळी बसली. पाळकसाहेबांनी खरवड मागून घेतली. रूथबाईंनीसुद्धा एक घास खाल्ला आणि मला म्हणाल्या, "मला बी शिकीव की गं." मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई शिकवायची ती!" घरी जाताना वाटेत माणूस भेटला की थांबून सांगायच्या, "शेळीला गेलं बरं का! माझ्या सुनेनं केलं!" भोपळ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला वाटलं, विसरल्या.

पुढच्या पावसाळ्यात एके दिवशी त्यांनी मला गोठ्यावर चढायला लावलं. वेलाला मुठीएवढा कोवळा भोपळा धरला होता. आत्याबाईंनी माझ्या हातात खिळा दिला.

"चिंधी काय तुला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुला काय वाचता येतं?"

"अक्षरं."

"मंग लिही अक्षरं."

त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले, हलक्या हातानं, बारीक, सालीवर नुसता ओरखडा. मला काय ठाऊक, की कोवळ्या भोपळ्यावरचं अक्षर भोपळ्याबरोबर वाढतं! बाजरी निघेपर्यंत भोपळा दोघांनी उचलावा एवढा झाला आणि त्याच्यावरचं एकेक अक्षर टीचभर.

त्या सालच्या मिरवणुकीत सर्वांत पुढं आत्याबाई, आणि त्यांच्या डोक्यावर साऱ्या गावाला लांबून वाचता येईल असं: "हा देवाचा भोपळा. सूनबाईनं हात लावू नये."

अंतोनभाऊंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ढोलकीवाल्यानं ते ठेक्यात धरलं. आणि ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना आत्याबाई थांबून थांबून, छाती फुगवून सांगत होत्या, "छापल्यावानी हाय का न्हाई? आमच्या सुनेनंच लिवलंय!"

मी मागं बाजरीची कणसं घेऊन चालले होते, पदर तोंडावर ओढून. पण अभिमानानं सांगते, 'ळ' फार सुरेख आला होता.